तपासणीच्या वेळी नदी गैरहजर

नदी ही प्रथम कागदावर उगम पावते, हे भूगोलातलं मूळ सत्य आहे. डोंगर, पाऊस, उतार वगैरे गोष्टी नंतरच्या. त्या नसल्या तरी चालतं. कागद नसेल तर मात्र कितीही पाणी वाहिलं तरी त्याची नदी होत नाही, फार तर गैरसोय होते. अशाच एका गैरसोयीचा हा वृत्तान्त आहे. मी आमच्या गृहसंस्थेचा गेली अकरा वर्षं मानद सचिव आहे (मानद म्हणजे शिव्या पूर्ण, अधिकार अर्धे). सगळी कागदपत्रं माझ्याच कपाटात आहेत, आणि त्यांच्या बाहेरचं मी शक्यतो काही लिहिणार नाही.

प्रथम नदीविषयी. नाव रुठनी. हे नाव हरियाणातल्या खेड्यांनी दिलेलं. बाईंच्या मनात आलं तर श्रावणात येतात, नाही तर दोन-दोन वर्षं रुसून बसतात. ती समुद्राला मिळत नाही. यमुनेलाही मिळत नाही. अरवलीच्या एका टेकडीवर निघून, चाळीसेक किलोमीटर चालून, दिल्लीतल्या द्वारकेच्या कडेला एका उथळ तळ्यात ती जिरून जात असे. अशा नदीला भूगोलात अंतर्देशीय म्हणतात. सरकारी नोकरीत अशा माणसाला अनुभवी म्हणतात.

तिची सद्यःस्थिती पुढीलप्रमाणे.

उगम : टेकडी खडीसाठी फोडून नेण्यात आली. खडीचे टॉवर झाले. त्यामुळे उगम नष्ट झाला असं म्हणणं चुकीचं आहे. तो गुरुग्राममध्ये अंदाजे एकोणिसाव्या मजल्यावर हलवण्यात आला आहे. (समुद्रसपाटीपासूनची उंची वाढली, हा फायदाच.)

उपनद्या : तीन. गाड्या धुण्याचं एक केंद्र, पनीरची एक डेअरी, आणि एका शाळेचा पोहण्याचा तलाव, जो दर शनिवारी रिकामा करतात. पैकी तिसरी परीक्षेच्या दिवसांत आटते.

पाणलोट क्षेत्र : म्हणजे ज्या मुलखात पडलेलं पाणी शेवटी या नदीकडे येतं तो सगळा मुलूख. दोनशे दहा चौरस किलोमीटर. त्यातल्या एकशे नव्वदांवर डांबर, फरशी किंवा प्लास्टिकची हिरवळ आहे. पाणी मुरण्यासाठी बाल्कनीतल्या कुंड्या शिल्लक आहेत.

मुख : तळं बुजवून तिथे ‘लेक व्ह्यू’ नावाची वसाहत झाली. तळ्याचं दर्शन आता वसाहतीच्या पाटीवर होतं.

मधला टप्पा : आम्ही.

आम्ही म्हणजे ‘संगम सहकारी गृहनिर्माण संस्था’. दिल्लीत केंद्र सरकारची चाकरी करायला आलेल्या मराठी माणसांनी उभी केलेली. चार इमारती, खाली खांबांमध्ये गाड्या, वर चार-चार मजले, एकूण शहाण्णव घरं. इमारती बांधायला दोन वर्षं लागली आणि त्यांना नावं द्यायला अडीच. नावं नद्यांची असावीत यावर पहिल्याच बैठकीत एकमत झालं. कोणत्या नद्यांची, यावर सात बैठका झाल्या. भीमा आणि मांजरा पाठिंब्याअभावी वाहून गेल्या. शेवटी गोदावरी, पंचगंगा, पूर्णा आणि वैनगंगा राहिल्या. पंचगंगेत राहणाऱ्याने वैनगंगेच्या लिफ्टने जाऊ नये असा ठराव नाही, रिवाज आहे.

आमचा सगळ्यात सुंदर रिवाज मात्र पंधरा ऑगस्टचा. त्याच दिवशी संस्थेचा वर्धापनदिन असतो. गावाहून कुणी ना कुणी येताना आपापल्या नदीचं पाणी बाटलीतून आणतं. झेंडावंदन झालं की त्या चार बाटल्या एका पितळी घंगाळात ओततात, आणि द्वारकेत संगम घडतो. वयस्कर माणसांचे डोळे भरून येतात. लहान मुलांना त्यातलं काही कळत नाही. (वैनगंगेतल्या नऊ वर्षांच्या अवनीने मागे विचारलं होतं, “आजोबा, पंचगंगा ट्रेन है क्या?”) समारंभानंतर घंगाळ मागच्या अंगणात रिकामं करतात.

मागच्या अंगणात पूर्वी एक चर होता, पुरुषभर खोल, कमानीच्या एका जुन्या मोरीखालून येणारा. गाड्या घरटी दीड झाल्यावर आम्ही तो भरून घेतला आणि त्यावर तीस गाड्यांची जागा आखली. चौदा क्रमांकाची जागा माझी आहे. माझी बाजू आधीच सांगून ठेवलेली बरी.

आता सत्त्याण्णवावं घर. वैनगंगेच्या खाली, मागच्या कोपऱ्यात, खांबांच्या मधली जागा भिंती घालून एकच घर केलेलं आहे. तळमजला म्हणून त्याचा क्रमांक शून्य. ते राजारामभाऊंचं. वय अठ्ठ्याहत्तर, मूळचे भंडाऱ्याचे, नोकरीत हेड ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशे काढणाऱ्यांतले वरिष्ठ. सोबत पत्नी कमलाबाई, सून क्रांती, आणि ट्रेनचा प्रश्न विचारणारी नात. क्रांती हिंदूराव रुग्णालयात नर्स आहे, रोज मेट्रोने शहराच्या या टोकाकडून त्या टोकाला जाते. मुलगा सिद्धांत सध्या बदलीवर गुवाहाटीला. तिथे नदी खिडकीतून दिसते आणि ती आहे की नाही यावर वाद नसतो, असं तो फोनवर सांगतो.

सोडत निघाली तेव्हा राजारामभाऊंना तिसरा मजला मिळत होता. त्यांनी शून्य मागून घेतलं. लोक म्हणाले, खाली ओल असते. राजारामभाऊ म्हणाले, “ही जमीन मी स्वतः तपासलेली आहे.” इतक्या ठामपणे ते म्हणाले की लोकांना आपण वर घेतलं याची हळहळ वाटली.

त्या घरात दर दोन-तीन वर्षांनी श्रावणात पाणी येतं. संस्थेने हा प्रश्न कधीही टाळलेला नाही. इतिवृत्तात कारणं नमूद आहेत : २०१० : ओलावा. २०१३ : टाकी ओसंडली. २०१६ : टाकी ओसंडली (त्या दिवशी टाकी रिकामी होती, टँकर उशिरा आला). २०१८ : कमलाबाईंनी नळ चालू ठेवला असण्याची शक्यता. २०२१ : हवामान. २०२३ : वरीलप्रमाणे.

पाणी गुडघ्यापर्यंत येतं, दोन दिवस राहतं, आणि चिखल ठेवून जातं. राजारामभाऊ प्रत्येक वेळी भिंतीवर पेन्सिलने बारीक सरळ रेघ मारून तारीख घालतात, हाताची सवय. घर आंबेडकरी, त्यामुळे भांड्यांपेक्षा पुस्तकं जास्त. पुस्तकांचं शिसवी कपाट पाच विटांवर उभं आहे, कमलाबाईंचा पलंग दोन विटांवर.

“पुस्तकं पाचवर अन् मी दोनवर,” कमलाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. “मी कमी शिकलेली ना, बाप्पा.”

२०२३च्या पाण्यात कमलाबाई घसरून पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. प्लास्टर सुनेनेच करवून आणलं, आणि दुसऱ्या दिवशी तिने अर्ज लिहिला. आम्ही सगळ्यांनी तो कमलाबाईंच्या तब्येतीविषयी असेल असं समजून सहानुभूती दाखवली. अर्ज चराविषयी होता. मागचा चर पूर्ववत मोकळा करावा, म्हणजे पाणी घरातून न जाता चरातून जाईल. एक प्रत संस्थेला, एक प्रत अंतर्देशीय प्रवाह नोंदणी कार्यालयाला.

संस्थेने प्रत फाइल केली. कार्यालयाने मात्र पाच महिन्यांत उत्तर पाठवलं (घाईच केली). उत्तर क्रांतीने चहाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. मी तिथे होतो, साखर मागायला गेलो होतो.

“‘उक्त ठिकाणी चर मोकळा करण्यासाठी तेथे प्रवाह असणे आवश्यक आहे. नोंदवहीनुसार सदर जमिनीवर प्रवाह निरंक. सोबत तपासणी अहवालाची छायाप्रत.’ बाबा, निरंक म्हणजे नाहीच ना?”

“नाहीच,” राजारामभाऊ म्हणाले.

कमलाबाईंनी प्लास्टर निघालेल्या हाताने छायाप्रत ओढून घेतली. चष्मा नव्हता, पण लागला नाही. “अन् ही सही तुमची काहून आहे?”

माझी साखर घेऊन झाली होती, तरी मी थांबलो. सचिवाला काही प्रसंगी थांबावं लागतं.

मग राजारामभाऊंनी आम्हांला समजावून सांगितलं, आणि ते इतकं निर्दोष होतं की मी इथे मुद्दाम पूर्ण देतो. प्रत्येक नोंदलेल्या नदीची वर्षातून एकदा प्रत्यक्ष तपासणी होई. नमुन्यात दोनच रकाने : उपस्थित, अनुपस्थित. सलग तीन तपासण्यांना नदी अनुपस्थित राहिली, की तिचं नाव पटावरून कमी होई. तपासणीचा दौरा मार्चमध्येच निघे, कारण वर्षाचे दौरे मार्चअखेर पुरे करायचे असत. १९९१, ९२ आणि ९३, तिन्ही मार्चांत राजारामभाऊ मोजपट्टी घेऊन या जागी आले. तिन्ही वेळा नदी गैरहजर होती.

“पण बाबा, ती श्रावणात येते हे तुम्हाला माहीत नव्हतं?”

“माहीत होतं की. गावची माणसं सांगायची.”

“मग श्रावणात जायचं ना, यार!” क्रांती सासऱ्यांना रागावली की ‘यार’ म्हणते, आणि मग जीभ चावते.

“श्रावणात दौरा मंजूर होत नसे.”

“काहून?” कमलाबाईंनी विचारलं.

“नदीला पूर असायचा,” राजारामभाऊ म्हणाले. “रस्ता बंद.”

मला यात आजही चूक सापडलेली नाही. राजारामभाऊंनी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. आणि त्यांनी लिहिलेलं इतकं खरं होतं की पुढे त्या कोऱ्या, कोरड्या जमिनीवर त्यांच्याच ओळखीच्या मराठी मंडळींना संस्था काढता आली, आणि त्यात त्यांनी स्वतः सगळ्यात खालचं घर मागून घेतलं. स्वतःच्या कागदावर इतका विश्वास असलेला माणूस आता मिळत नाही. आता माणसं कागद देतात आणि राहायला दुसरीकडे जातात.

कमलाबाई एवढंच म्हणाल्या, “पंचवीस वर्षं मी तुमच्या सहीतलं पाणी उपसते आहे.”

त्या दिवसापासून राजारामभाऊंनी भिंतीकडे पाहणं सोडलं. चौतीस वर्षांची नोकरी, एक शेरा नाही, एक खाडाखोड नाही, असं ते सगळ्यांना सांगत असत. तेही बंद झालं. आठवड्याने ते माझ्याकडे आले. म्हणाले, “शशिकांतजी, मला माझा अहवाल दुरुस्त करायचा आहे. नदी परत पटावर घ्यायची आहे.”

त्याची रीत सोपी होती. मूळ तपासणी करणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र, संयुक्त तपासणी, आणि जमिनीवर सध्या जे कोणी राहतात त्यांच्या सर्वसाधारण सभेचं मत. (नदी यावी की नाही यावर तिच्या पात्रात राहणाऱ्यांचं मत घेण्याची ही लोकशाही पद्धत फार थोड्या देशांत असेल.)

सभेला विक्रमी उपस्थिती होती. अध्यक्ष सुधन्वाजी, निवृत्त सहसचिव, आजही उभे राहिले की समोरच्याला टिपणी लिहून घ्यावीशी वाटते. त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं, “कमलावहिनींविषयी आपल्या सगळ्यांना आदर आहे. पण प्रश्न प्रिन्सिपलचा आहे. नदी मान्य केली, तर आपण सगळे नदीपात्रात राहतो असं होईल.”

“राहतोच आहोत,” क्रांती म्हणाली.

“राहणं वेगळं. नोंद वेगळी.”

गोदावरीच्या चौथ्या मजल्यावरच्या केतकीताई उठल्या. त्या शाळेत भूगोल शिकवत असत, म्हणून सगळे गप्प झाले. “माझा साधा प्रश्न आहे. पाणी येतं फक्त तळमजल्याला. पण नदी लागली तर ती चारही मजल्यांना लागणार. हा न्याय आहे का?”

टाळ्या पडल्या. वैनगंगेतूनही पडल्या.

“ताई, तुमच्या गोदावरीचं पाणी दर वर्षी बाटलीतून आणता,” क्रांती म्हणाली. “आमच्याकडे नदी स्वतः चालत येते. तिला घंगाळ नको, फक्त चर द्या.”

“ती नदी नाही गं. सीपेज आहे.”

“सीपेजमध्ये मासा कसा आला मग?”

हे खरं होतं. २०२१ साली घर क्रमांक शून्यच्या न्हाणीघरात बोटभर मासा सापडला होता. सुधन्वाजींनी क्षणभर विचार केला आणि तो मासा टँकरमधून आला असावा असं नोंदवायला सांगितलं. मी नोंदवलं.

मग राजारामभाऊ उभे राहिले. “नदी आहे,” ते म्हणाले. “मी मार्चमध्ये खरं लिहिलं होतं. आता श्रावणातलं खरं लिहायचं आहे.” आणि बसले.

मतदान झालं. नदीच्या बाजूने एक घर, विरुद्ध शहाण्णव. माझा हात वर होता. चौदा क्रमांकाच्या जागेवर त्याच महिन्यात नवी गाडी आली होती.

मत विरुद्ध गेलं तरी तपासणी व्हायचीच होती. कार्यालयाने सहानुभूतीने श्रावणातलीच तारीख दिली. त्या दिवशी सकाळपासून धो धो पाऊस. घर क्रमांक शून्यमध्ये पाणी गुडघ्याच्या वर. राजारामभाऊ पँट दुमडून, हातात मोजपट्टी धरून, पाण्यात खुर्चीवर ताठ बसलेले. आयुष्यात प्रथमच नदी तपासणीला वेळेवर हजर होती. अकरा वाजता फोन वाजला. कार्यालयाचे अभियंता अनुराग, तरुण, अतिशय नम्र.

“सर, मैं अंडरपास के इस तरफ़ फँसा हूँ। पानी बहुत है, पहुँच नहीं पाऊँगा।”

“अरे, वही पानी तो देखना है आपको!” राजारामभाऊ म्हणाले.

“सर, वो तो पहुँचने पर ही देख सकते हैं ना।”

त्यांचा अहवाल माझ्याकडे आहे : ‘मार्गात पाणी असल्यामुळे स्थळी पोहोचता आले नाही. सबब स्थळी पाणी असल्याची खातरजमा होऊ शकली नाही. पुढील तपासणी मार्चमध्ये ठेवावी.’

मार्चपर्यंत सात महिने होते. संस्थेने ते वाया घालवले नाहीत. सुधन्वाजींच्या मनात आलं की राजारामभाऊ संस्थापक सभासद, त्यांचा यथोचित सत्कार कधी झालाच नाही. शाल-श्रीफळ जुनं झालं. त्याऐवजी त्यांचं घर संस्थेतर्फे रंगवून द्यावं. क्रांती ड्यूटीवर असताना, राजारामभाऊ आणि कमलाबाई अवनीच्या शाळेच्या कार्यक्रमाला गेले असताना, चार रंगाऱ्यांनी एका दिवसात भिंती शुभ्र केल्या. किल्ली पंप बघायला म्हणून मी घेतली होती. पेन्सिलीच्या सगळ्या रेघा, सगळ्या तारखा, दोन हातांखाली गेल्या. संध्याकाळी कुटुंब परतलं तेव्हा आम्ही दारात फुलं घेऊन उभे होतो.

क्रांती दारातच थांबली. “काका,” ती मला म्हणाली, “बिल्कुल हॉस्पिटलसारखं झालंय. रक्त पुसल्यावर असतं तसं.”

मी तिला शुभेच्छा दिल्या.

मार्चमध्ये अनुराग आले. लख्ख ऊन. मागचं अंगण हाडासारखं कोरडं, तीस गाड्या ओळीत, माझी धुतलेली. चारही इमारतींचे लोक इस्त्रीच्या कपड्यांत जमले होते. अनुरागांनी नमुना काढला, भोवती पाहिलं, आणि ओशाळून म्हणाले, “सर, नदी तो…”

“अनुपस्थित,” सुधन्वाजी प्रसन्नपणे म्हणाले.

“नियम बाईस,” राजारामभाऊ म्हणाले. “बाढ़ के पक्के निशान मिलें तो नदी उपस्थित मानी जाएगी.”

“निशान कहाँ हैं, सर? दीवार तो नई है।”

तेव्हा कमलाबाई म्हणाल्या, “रंगवाल्यांनी कपाट नाही हलवलं. जड आहे. पुस्तकं आहेत ना त्यात.”

अर्ध्या तासात पुस्तकं बाहेर निघाली. सहा जणांनी कपाट विटांवरून ओढलं (केतकीताईंनीही एक कोपरा धरला, त्यांना वाटलं सत्काराचाच भाग आहे). मागे चार फूट रुंद जुनी पिवळी भिंत होती (रेघ अर्धी सोडायची नाही, म्हणून राजारामभाऊ फटीतून हात घालून इथेही ती पुरी करत). तिच्यावर अकरा रेघा, पट्टीने मारल्यासारख्या सरळ. आम्ही मिनिट्समध्ये घेतलेल्या सहा, आणि न घेतलेल्या पाच. प्रत्येकीवर तारीख, आणि सेंटीमीटर. शेवटची, अनुराग अंडरपासला अडकले त्या दिवसाची.

अनुरागांनी एकेक तारीख वाचली. मग त्यांनी टेप काढली. अडचण अशी होती की खुणा फक्त त्या घरात होत्या. बाहेर अंगणात भिंत नाही, त्यामुळे खूण नाही, त्यामुळे नियमाने तिथे पाणी नाही. ही अडचण सुधन्वाजींनी क्षणात हेरली आणि तिचं सोनं केलं. सहसचिव उगाच होत नाहीत. ते म्हणाले, “जितनी नदी सिद्ध हुई है, उतनी ही लिखिए।”

आणि तसंच लिहिलं गेलं. रुठनी नदी, उपस्थित. लांबी : अकरा मीटर. पाणलोट क्षेत्र : चौऱ्याहत्तर चौरस मीटर. उगम : पुढचा दरवाजा. मुख : न्हाणीघर. डाव्या काठावर स्वयंपाकघर.

“बाबा, हे काय?” क्रांतीचा आवाज चढला. “म्हणजे फक्त आपलंच घर नदीत? उद्या आपल्यालाच अतिक्रमण म्हणून नोटीस येईल!”

“येऊ दे,” राजारामभाऊ म्हणाले. “पेन दे.” त्यांनी सही केली, तीच सही, तीस वर्षांपूर्वीसारखी, फक्त खाली तारखेपुढे ‘श्रावणातील खुणांवरून’ असं जोडलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. नदीही राहिली आणि संस्थाही राहिली. फक्त एक घर गेलं. इतका समंजस तोडगा मी माझ्या कारकिर्दीत पाहिलेला नाही. त्या दिवशी आम्ही कुटुंबाला सहानुभूतीचा ठरावही दिला.

नवव्या दिवशी नोटीस आली. ती घर क्रमांक शून्यला नव्हती. संस्थेला होती.

कोणत्याही नोंदलेल्या नदीच्या दोन्ही काठांपासून पन्नास मीटर बांधकामास मनाई, असा नियम तेवीस आहे. नियम बावीसच्या लगेच खाली, त्याच पानावर. आमच्यापैकी कोणी पान उलटायची गरज नव्हती. नुसती नजर खाली न्यायची होती. सोबत नकाशा होता. काठ म्हणजे पुढचा दरवाजा आणि न्हाणीघर, तिथून पन्नास मीटरची गोल रेष. तिच्या आत गोदावरी, पंचगंगा, पूर्णा, वैनगंगा, सभागृह, आणि माझी गाडी.

“या नियमाचा नमुना-नकाशा कोणी काढला होता?” सुधन्वाजींनी विचारलं.

“मीच,” राजारामभाऊ म्हणाले. “ऐंशी साली.”

नोटिशीत दोन पर्याय होते. एक, सर्व बांधकाम हटवणे. दोन, नदीला तिचा जुना मार्ग मोकळा करून देणे, म्हणजे काठ घरातून चरात सरकेल आणि आधी झालेल्या बांधकामापुरती मनाई दंडाशिवाय शिथिल होईल. तातडीची सभा बोलावली. या वेळी भाषणं झाली नाहीत. केतकीताई म्हणाल्या की नदीला मार्ग देणं ही आपली संस्कृतीच आहे. सत्त्याण्णव विरुद्ध शून्य मतांनी ठराव मंजूर झाला. चर तीन आठवड्यांत खणला. चौदा क्रमांकाच्या जागी तो सगळ्यात खोल आहे. गाडी आता मी रस्त्यावर लावतो.

यंदा श्रावणात रुठनी आली. मोरीच्या कमानीखालून, गढूळ, फेसाळ, गुरुग्रामच्या एकोणिसाव्या मजल्यावरचं काय काय घेऊन. चरातून गेली. घर क्रमांक शून्य कोरडं राहिलं. कमलाबाईंचा पलंग विटांवरून खाली आला; कपाट मात्र पाच विटांवरच आहे. “ते राहू दे,” कमलाबाई म्हणतात. “ते साक्षीदार आहे.”

पंधरा ऑगस्टला घंगाळात चार बाटल्या ओतून झाल्यावर अवनी पाचवी घेऊन पुढे आली. तिने ती घरामागूनच भरून आणली होती. सगळं पाणी गढूळ झालं. केतकीताईंची तोंडी तक्रार मी इतिवृत्तात घेतली आहे. राजारामभाऊंचे डोळे भरून आले होते, तेही घेतलं आहे.

नकाशाची प्रत माझ्याकडे आहे. पन्नास मीटरची रेष आमच्या कुंपणाशी येऊन थांबते. मी राजारामभाऊंना विचारलं, पुढे काय आहे? ते म्हणाले, “पुढे कागद संपला. कागद संपला की पुढची जमीन कोरडी आहे असं माणूस समजतो. मीही समजत होतो.”

आपण हे जिथे बसून वाचलंत, आणि अधूनमधून आमच्यावर हसलात, ती जागा कोरडी असल्याचा दाखला आपल्याकडे असेलच. एकदा काढून त्यावरची तारीख बघून घ्या. मार्चची असेल.